कुलूपबंद ‘क’ जीवनसत्त्व

‘क जीवनसत्त्वयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या एखाद्या क्रीमचे खोके उलटून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. क जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव ॲस्कॉर्बिक आम्ल. हे नाव त्या यादीत पुष्कळदा सापडतच नाही. त्याऐवजी ‘मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट’, ‘सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट’, ‘ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड’, ‘टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट’ अशी लांबलचक नावे दिसतात. नववी-दहावीतली मुले-मुली आता या वस्तू वापरतात, त्यांच्या जाहिराती पाहतात आणि वर्गात प्रश्नही विचारतात. क जीवनसत्त्व इतके स्वस्त आणि सहज मिळणारे आहे, तर ते सरळ का घालत नाहीत? आणि त्याऐवजी जे घातले जाते, ते क जीवनसत्त्वच म्हणायचे का?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना शालेय रसायनशास्त्रातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र येतात: ऑक्सिडीकरण आणि क्षपण, आम्लाचे आयनीभवन, एस्टर, विकर आणि रेणुवस्तुमान.

हे जीवनसत्त्व काय करते?

हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ प्रथम वेगळा काढला. तो शर्करेसारखा होता, पण नक्की कोणता हे कळत नव्हते. म्हणून त्यांनी गमतीने त्याला ‘मला ठाऊक नाही’ अशा अर्थाचे ‘इग्नोज’ हे नाव सुचवले. संशोधनपत्रिकेच्या संपादकांना ते रुचले नाही. त्यावर त्यांनी ‘देव जाणे’ या अर्थाचे ‘गॉडनोज’ हे नाव सुचवले, तेही नाकारले गेले. पुढे हाच पदार्थ स्कर्व्ही रोग टाळणारे जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले आणि त्याला ‘स्कर्व्ही-विरोधी’ या अर्थाचे ॲस्कॉर्बिक आम्ल हे नाव मिळाले. सेगेड या गावी पिकणाऱ्या लाल मिरच्यांतून सेंट-जॉर्जींनी ते मोठ्या प्रमाणात मिळवले. इंग्लंडमध्ये वॉल्टर हॅवर्थ यांनी त्याची रचना निश्चित केली. १९३७ मध्ये सेंट-जॉर्जींना वैद्यकाचे, तर हॅवर्थ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे दुसरे मानकरी पॉल कारर होते.

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळी करते, उंदीर करतो. माणूस, माकडे आणि गिनिपिग यांच्यात मात्र त्यासाठी लागणारे शेवटचे विकर नाही, म्हणून त्यांना ते अन्नातून घ्यावे लागते.

त्वचेशी त्याचा संबंध दोन प्रकारे येतो. पहिला कोलॅजेनमुळे. त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाऊण भाग कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. त्याचे तीन पदर एकमेकांत घट्ट गुंफले जाण्यासाठी त्यातील काही अमिनो आम्लांना हायड्रॉक्सिल गट जोडावे लागतात. हे काम करणाऱ्या विकरांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. काम करता करता लोहाचे ऑक्सिडीकरण झाले, की विकर बंद पडते. क जीवनसत्त्व त्या लोहाला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावते. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत, त्याचे कारण हेच. दुसरा संबंध सूर्यप्रकाशाचा. अतिनील किरणांमुळे त्वचेत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. क जीवनसत्त्व त्यांना इलेक्ट्रॉन देऊन शांत करते. त्वचेला काळसर रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याच्या साखळीतील काही मधल्या पदार्थांचेही ते क्षपण करते, त्यामुळे मेलॅनिनची निर्मिती मंदावते.

या सर्व कामांत एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे इलेक्ट्रॉन देणे. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जो रेणू इलेक्ट्रॉन इतक्या सहजपणे देतो, तो ते हवेतल्या ऑक्सिजनलाही तितक्याच सहजपणे देऊन टाकतो.

रेणूतील नाजूक जागा

ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रेणूत ६ कार्बन, ८ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. पहिले चार कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून पाच अणूंचे वलय बनते. पाचवा आणि सहावा कार्बन त्या वलयाला शेपटीसारखे जोडलेले असतात. क्रमांक २, ३, ५ आणि ६ या चार कार्बनांवर प्रत्येकी एक हायड्रॉक्सिल गट असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे. दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट ही जोडी म्हणजेच या रेणूची कार्यशाळा आणि त्याची नाजूक जागाही.

ऑक्सिडीकरणात या दोन हायड्रॉक्सिल गटांचे हायड्रोजन निघून जातात आणि दोन इलेक्ट्रॉनही जातात. तयार होतो तो पदार्थ म्हणजे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल. इथपर्यंतचा प्रवास उलटा फिरवता येतो. इलेक्ट्रॉन परत मिळाले, तर पुन्हा क जीवनसत्त्व मिळते. परंतु पाण्यात हे नवे वलय फार काळ टिकत नाही. ते एकदा उघडले, की परतीचा रस्ता बंद होतो. पुढच्या विघटनात द्रावण पिवळे आणि मग तपकिरी होत जाते. उष्णता, प्रकाश आणि अल्कधर्मी माध्यम यांमुळे हा ऱ्हास वेगाने होतो. तांबे आणि लोह यांचे आयन अगदी अल्प प्रमाणात असले, तरी उत्प्रेरकाचे काम करतात.

म्हणजे पाण्याचा अंश असलेल्या क्रीममध्ये साधे क जीवनसत्त्व घातले, तर ते दुकानाच्या फळीवर असतानाच संपू लागणार.

दुसरी अडचण: त्वचेची भिंत

समजा, द्रावण ताजे आहे. तरीही ते त्वचेत शिरणे सोपे नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, सपाट पेशींचा असतो आणि त्यांच्यामधल्या फटी मेदाने भरलेल्या असतात. विद्युतभार असलेल्या, पाण्यात रमणाऱ्या रेणूंना ही भिंत सहसा आत घेत नाही.

ॲस्कॉर्बिक आम्लाच्या तिसऱ्या कार्बनवरील हायड्रोजन सुटून आयन बनतो. द्रावणाचा सामू ४.२ असेल, तेव्हा निम्मे रेणू आयनरूपात असतात. सामू ३.२ पर्यंत खाली आणला, तर आयनांचे प्रमाण सुमारे ९ टक्के उरते. सामू ७ असेल, तर ९९ टक्क्यांहून अधिक रेणू भारित असतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले, की साधे क जीवनसत्त्व त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू ३.५ पेक्षा कमी असावा लागतो. द्रावणाची तीव्रता २० टक्क्यांपर्यंत वाढवली, तर त्वचेतील प्रमाण वाढते, त्यापुढे वाढत नाही. एकदा आत गेलेले जीवनसत्त्व निम्मे व्हायला सुमारे चार दिवस लागले.

इतके आम्लधर्मी द्रावण अनेकांच्या चेहऱ्यावर चुरचुरते. यावरून कोणी विचारेल, मग लिंबूच चोळले तर? लिंबाचा रस पुरेसा आंबट असतो हे खरे, पण त्यात क जीवनसत्त्व १०० ग्रॅममागे ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्क्यांच्या आसपास असते. १५ टक्क्यांचे द्रावण त्याच्या निदान ३०० पट तीव्र झाले. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत, विशेषतः सालीत, अशी काही द्रव्ये असतात की ती त्वचेला लागल्यावर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग राहतात. हा घरगुती उपाय मुलांनी करू नये, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

कुलूप कोठे लावायचे?

टिकाऊपणाची अडचण सोडवण्याचा एक मार्ग असा, की रेणूची नाजूक जागा तात्पुरती बंद करायची. दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या हायड्रोजनच्या जागी दुसरा एखादा गट जोडला, की ऑक्सिडीकरणाला लागणारी जोडी मोडते. जोडीतला एक भिडू बांधलेला असल्यामुळे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन सहज मिळत नाहीत. असे बांधलेले संयुग त्वचेत पोहोचले, की तिथले विकर तो गट कापून टाकेल आणि मूळ जीवनसत्त्व मोकळे होईल, अशी ही कल्पना आहे. जोडलेला गट हे कुलूप आणि विकर ही किल्ली.

या विषयात जपानमधील संशोधकांनी मोठे काम केले. दुसऱ्या कार्बनवर फॉस्फेट गट जोडला, की ॲस्कॉर्बिल फॉस्फेट मिळते. त्याचे मॅग्नेशियम किंवा सोडियमचे क्षार क्रीममध्ये वापरतात. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यमात ते चांगले टिकतात, त्यामुळे चुरचुरही होत नाही. याची किल्ली म्हणजे फॉस्फेटेज हे विकर. दुसरे कुलूप ग्लुकोजचे. ओकायामा विद्यापीठातील इतारू यामामोटो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तांदळाच्या बियांतील विकर वापरून ग्लुकोजचा रेणू नेमका दुसऱ्या कार्बनवर जोडून दाखवला. पुढे ओकायामातीलच हायाशिबारा या संस्थेबरोबर त्यांनी जिवाणूंपासून मिळणाऱ्या विकराच्या साहाय्याने तो बनवण्याची पद्धत विकसित केली. याची किल्ली म्हणजे ग्लुकोसिडेज.

कुलूप असले म्हणजे झाले असे नाही, ते योग्य दारावर असावे लागते. ॲस्कॉर्बिल पामिटेट हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात पामिटिक हे मेदाम्ल सहाव्या कार्बनवर, म्हणजे शेपटीच्या टोकाला जोडलेले असते. त्यामुळे रेणू तेलात मिसळतो, पण नाजूक जागा उघडीच राहते. म्हणून खाद्यतेल खवट होऊ नये यासाठी तो उपयोगी पडतो, कारण तेलाऐवजी तो स्वतः ऑक्सिडीकरण पत्करतो. पण स्वतः टिकण्याच्या बाबतीत तो फॉस्फेट किंवा ग्लुकोसाइडची बरोबरी करू शकत नाही. टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेटमध्ये चारही हायड्रॉक्सिल गटांवर शाखायुक्त मेदाम्ले जोडलेली असतात, त्यामुळे तो तेलात विरघळतो. इथाइल ॲस्कॉर्बिक आम्लात तिसऱ्या कार्बनवर इथाइल गट असतो. तो ईथर बंधाने जोडलेला असतो, आणि ईथर बंध हा एस्टर बंधापेक्षा तोडायला पुष्कळ कठीण असतो.

किल्ली फिरते का?

टिकाऊ संयुगांची चर्चा बहुधा इथे थांबते. खरा प्रश्न मात्र इथूनच सुरू होतो. कुलूपबंद जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणजे कुलूप आहे तोवर ते जीवनसत्त्वाचे कामही करत नाही. साधे क जीवनसत्त्व इंडोफेनॉल या रंगद्रव्याचा रंग घालवते, ग्लुकोसाइड घालवत नाही. बाटलीत ही गोष्ट गुण ठरते, त्वचेत गेल्यावर तीच उणीव ठरते.

काचपात्रात वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर किल्ली फिरते, हे नक्की. कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना ॲस्कॉर्बिल फॉस्फेट दिले, तर त्या अधिक कोलॅजेन साठवतात, असे जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले. तेव्हापासून पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत ते नेहमीच्या वापरात आहे.

पण काचपात्रातल्या पेशींवर मृत पेशींची भिंत नसते. फॉस्फेट गटावर ऋणभार असतो. ग्लुकोसाइड आकाराने मोठे आणि पाण्यात रमणारे असते. पिनेल यांच्या २००१ च्या प्रयोगांत मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट आणि ॲस्कॉर्बिल पामिटेट लावल्यावर त्वचेतील क जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

दुसऱ्या बाजूला, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात १० टक्के मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट असलेले क्रीम वापरले होते. वेगळ्या काढलेल्या मानवी त्वचेवर ते लावल्यावर ४८ तासांनी त्यातले १.६ टक्के त्वचेत शिल्लक होते. वांग किंवा वयोमानाचे डाग असलेल्या ३४ जणांपैकी १९ जणांचे डाग स्पष्टपणे फिके झाले. नेहमीची निरोगी त्वचा असलेल्या २५ जणांपैकी मात्र फक्त ३ जणांत फरक दिसला.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. पण एकात डुकराच्या त्वचेतील जीवनसत्त्व मोजले होते, दुसऱ्यात माणसांच्या त्वचेवरील डागांचा रंग पाहिला होता. क्रीमही वेगळे होते आणि दुसऱ्या अभ्यासातील माणसांची संख्या लहान होती. यातून एवढे नक्की म्हणता येते: ही संयुगे बाटलीत टिकतात, हे पक्के आहे. त्वचेत गेल्यावर त्यांतून किती जीवनसत्त्व मोकळे होते, हे तितके पक्के नाही. जाहिरातीतील ‘स्थिर’ हा शब्द पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो आणि ग्राहक त्याचा अर्थ दुसऱ्या गोष्टीबद्दल घेतो.

हीच युक्ती जिथे निर्विवाद यशस्वी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. ट्राउट, कॅटफिश अशा माशांना क जीवनसत्त्व मिळाले नाही, तर त्यांच्या पाठीचा कणा वाकडा होतो. पण खाद्याच्या गोळ्या बनवताना लागणाऱ्या उष्णतेने साधे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. म्हणून मत्स्यखाद्यात ॲस्कॉर्बिल फॉस्फेट घालतात. ते गोळीत टिकते आणि माशाच्या आतड्यात फॉस्फेटेज भरपूर असल्यामुळे तिथे मोकळे होते. कुलूप तेच आहे, पण तिथे वाटेत भिंत नाही आणि किल्ली हजर आहे.

कुलूप न लावताही एक मार्ग निघतो. ड्यूक विद्यापीठातील त्याच गटाने २००५ मध्ये १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात फेरुलिक आम्ल घातले. तांदळाच्या व गव्हाच्या कोंड्यात हे आम्ल असते. त्यामुळे द्रावण अधिक टिकले आणि सूर्यप्रकाशापासून मिळणारे संरक्षण चारपटीवरून सुमारे आठपट झाले. मात्र हे द्रावणही आम्लधर्मीच असते.

टक्केवारीचे गणित

खोक्यावर लिहिलेली टक्केवारी संपूर्ण संयुगाची असते, त्यात कुलपाचे वजनही आले. ॲस्कॉर्बिक आम्लाचे रेणुवस्तुमान १७६ आहे. १०० ग्रॅम संयुगातून सर्व कुलपे उघडली, तर जास्तीत जास्त किती ग्रॅम क जीवनसत्त्व मिळेल?

इथाइल ॲस्कॉर्बिक आम्ल (रेणुवस्तुमान २०४): ८६ ग्रॅम
मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, निर्जल (२९०): ६१ ग्रॅम
सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट (३२२): ५५ ग्रॅम
ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड (३३८): ५२ ग्रॅम
ॲस्कॉर्बिल पामिटेट (४१४): ४२ ग्रॅम
टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट (११३०): १६ ग्रॅम

म्हणजे १० टक्के टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट असलेल्या तेलात प्रत्यक्षात फार तर १.६ टक्के क जीवनसत्त्व असते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रेणुवस्तुमान शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

वर्गात करून पाहा

साहित्य: क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी, टिंक्चर आयोडीन, भाताची पातळ पेज, ड्रॉपर, तीन काचेच्या बाटल्या, तांब्याच्या स्वच्छ तारेचा तुकडा.

गोळी कुटून १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. एक बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून अंधारात थंड जागी ठेवा. दुसरी अर्धी भरून उघडीच खिडकीत ठेवा. तिसरी दुसरीसारखीच ठेवा, पण तिच्यात तांब्याची तार टाका. एक भाग टिंक्चर आयोडीन नऊ भाग पाण्यात मिसळा. प्रत्येक बाटलीतले ५ मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात पेजेचे काही थेंब घाला आणि निळा रंग टिकेपर्यंत आयोडीनचे थेंब मोजत टाका. क जीवनसत्त्व आयोडीनचे क्षपण करते, त्यामुळे ते संपेपर्यंत निळा रंग टिकत नाही. ताज्या द्रावणाला साधारण ३० ते ४० थेंब लागतील. नेमका आकडा गोळीवर आणि ड्रॉपरवर अवलंबून राहील. हीच मोजणी रोज एकदा, आठवडाभर करा आणि तिन्ही बाटल्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. द्रावणे पिऊ नयेत. आयोडीनचे डाग पडतात, म्हणून कपडे सांभाळावेत.

आलेख काढून झाल्यावर मुलांना विचारा: चौथ्या बाटलीत ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड असते, तर आयोडीनचे किती थेंब लागले असते? आणि त्या बाटलीवर आपण ‘क जीवनसत्त्व आहे’ असे लिहायचे की ‘नाही’ असे?

खोके वाचताना

या साऱ्या चर्चेतून विद्यार्थ्यांच्या हाती चार प्रश्न द्यावेत. नाव कोणते आहे: साधे आम्ल की कुलूपबंद संयुग? कुलूप कितव्या कार्बनवर आहे? कुलपाचे वजन वजा केल्यावर उरते किती? आणि परिणामाचा पुरावा काचपात्रातल्या पेशींवरचा आहे, प्राण्याच्या त्वचेवरचा आहे की माणसांवरचा?

पाचवा मुद्दा रसायनशास्त्राबाहेरचा आहे, पण तो टाळता येत नाही. आपल्याकडे ही क्रीम पुष्कळदा गोरे होण्याच्या आशेने घेतली जातात. २०२० मध्ये एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला, पण ती आशा गेलेली नाही. वर दिलेल्या जपानी अभ्यासातला २५ पैकी ३ हा आकडा त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. डाग काही प्रमाणात फिके होऊ शकतात. जन्मजात सावळा रंग हा डाग नाही, आणि तो बदलण्याचे काम क जीवनसत्त्व करत नाही. त्वचेवर खरोखर डाग किंवा वांग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना क जीवनसत्त्व मुख्यतः रक्तातून मिळते, आणि रक्तात ते अन्नातून येते. १०० ग्रॅम पेरूतून साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेपेक्षा हे पुष्कळ जास्त आहे. शाळेबाहेर पेरूची गाडी उभी असेल, तर या धड्याचे सर्वांत स्वस्त साहित्य तिथेच मिळेल. मात्र फोड चिरून फार वेळ उघडी ठेवू नये, कारण हवेतल्या ऑक्सिजनचे काम तिथेही चालूच असते.